टाकीला रोज किती लागतं

४ मार्च

बाई,

काय म्हणून हाक मारू कळत नाही. ताई म्हणायला जीभ वळत नाही. सवत म्हणावं तर तुम्ही घरात नाही, आणि तुम्ही निघून गेल्यावर मी आले. म्हणून नुसतं बाई.

मी त्यांची आत्ताची बायको. तुम्ही मागे ठेवून गेलात ती मासे-प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आता माझ्या गळ्यात आहे. हे बोटीवर आहेत, मे महिन्याशिवाय येत नाहीत. जाताना म्हणाले, तुला काही करायचं नाही, भिंतीवरचं यंत्र रोज दोन्ही बाटल्यांतलं औषध थोडं थोडं टाकीत सोडतं, तू फक्त बाटल्या रिकाम्या होऊ देऊ नकोस. गेल्या आठवड्यात यंत्रच बंद पडलं. टाकीचं सामान देणारा दुकानदार येऊन काढून घेऊन गेला. मोटर जळली म्हणाला, सुटा भाग मागवावा लागेल, तोवर हाताने घाला. किती घालू विचारलं तर म्हणतो, ते टाकीटाकीवर असतं, ही पहिल्या बाईंनी उभी केलेली, त्यांना विचारा. असं तोंडावर म्हणाला. कडेवर बाळ घेऊन मी ऐकत उभी.

मग मी माझ्या मनाने केलं. बाळाला दोन औषधं असली की मी एकाच वाटीत कालवून पाजते. तसंच दोन्ही बाटल्यांतलं एका मगात ओतलं. मगातच दुधासारखं झालं, आणि मला वाटलं असंच होत असेल. टाकीत सोडलं तर आतलं काही दिसेना. मासे कुठे, प्रवाळ कुठे, नुसतं पांढरं. दुकानदाराने दोनदा येऊन निम्मं पाणी बदलून दिलं. आता पाणी स्वच्छ आहे, पण प्रवाळांनी अंग आत ओढून घेतलंय. सकाळी उठले की आधी बाळाच्या छातीवर हात ठेवून बघते आणि मग टाकीपाशी जाते.

खरं सांगते, मला ही टाकी आवडत नाही. हे घरी असले की जेवण झाल्यावर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात. मी काही बोलले तर हं म्हणतात. त्या निळ्या उजेडात त्यांचं तोंड परक्या माणसासारखं दिसतं. बाटल्यांवर तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, आणि पुसू नयेत म्हणून वरून टेप लावलीय. माझं एक अक्षर कोणी असं जपून ठेवलेलं नाही.

पण टाकी मरता कामा नये. मेली तर हे मला रागावणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पण मनात म्हणतील, ती असती तर मेली नसती. आणि पुरुषाच्या मनात असं एकदा आलं की त्याचे पाय तिकडेच वळतात. मला बाळाला घेऊन जायला दुसरं घर नाही. माझे आईवडील गेले. मी कॅन्टीनमध्ये भांडी घासायचे, तिथे यांनी मला पाहिलं.

तुम्ही पाणी तपासायच्या लॅबमध्ये असता म्हणे. मला कळेल असं सोपं लिहा.

बाळाची आई

---

८ मार्च

तुमचं पत्र मिळालं. दुकानदाराने माझा फोन नंबरही दिला असेल. फोन करू नका. त्या घरातून फोन आला की मागे टाकीचा पंप ऐकू येतो आणि तो मला ऐकायचा नाही. लिहा, मी उत्तर देईन. दुकानदार आमच्याकडे पाण्याचे नमुने द्यायला येतो, त्याच्या हाती द्या, टपालापेक्षा लवकर पोचेल.

टेप मीच लावली होती. खाऱ्या पाण्याने शाई जाते. तो असलं काही करत नाही, एवढं तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

आता ऐका. प्रवाळ हा जीव आहे, तो स्वतःचं हाड स्वतः बांधतो. त्याला पाण्यातून दोन गोष्टी लागतात, एक कॅल्शियम आणि एक क्षार. एका बाटलीत हे, दुसरीत ते. दोन्ही घट्ट असतात, म्हणून सरळ एकत्र आली की तिथेच खडू होतो. तुमच्या मगात झालं ते हेच. एक सकाळी घाला, दुसरं संध्याकाळी, आणि जिथे पाण्याचा झोत जोरात आहे तिथे हळूहळू. दोन्हीचं माप सारखंच. मॅग्नेशियम फार कमी लागतं, ते दुकानदाराला महिन्यातून एकदा तपासायला सांगा.

रोज किती घालायचं हे मी सांगू शकत नाही. टाकीलाच विचारावं लागतं. ते असं. आधी क्षार मोजा. खालच्या खणात डबी आहे. नळीत रेघेपर्यंत टाकीचं पाणी घ्या, डबीतलं औषध थेंबथेंब टाका, प्रत्येक थेंबाला हलवा. पाणी आधी निळं होईल, मग ज्या थेंबाला पिवळं होईल तो शेवटचा. किती झाले ते लक्षात ठेवा. मग तीन दिवस टाकीत काहीही घालायचं नाही. तीन दिवसांनी परत मोजा. जेवढे थेंब कमी झाले तेवढं प्रवाळांनी खाल्लं. त्याचे तीन भाग केले की एका दिवसाचं निघतं. ते मला कळवा, किती एमएल घालायचं ते मी लिहीन.

माझ्या वेळी रोज एक थेंब उतरायचा आणि त्याला वीस एमएल लागायचे. पण तो आकडा घेऊ नका. तीन वर्षं झाली.

मधोमध एक हिरवा होता, जांभळ्या टोकांचा. मी आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. तो आहे का?

---

१५ मार्च

बाई,

मोजलं. पहिल्यांदा नळी सांडली. दुसऱ्यांदा नीट झालं. आधी अठरा थेंब. तीन दिवसांनी सतरा.

हिरवा आहे.

काल यांचा बोटीवरून फोन आला. आवाज तुटत होता. पहिला प्रश्न, टाकी कशी आहे. दुसरा, बाळ कसं आहे. मी कशी आहे ते विचारेपर्यंत लाईन गेली. मी सगळं बरं आहे म्हणाले, यंत्राचं बोलले नाही. तिकडे पाण्यात बसून जिवाला घोर कशाला.

तुमच्या पत्रात तुम्ही त्यांना 'तो' लिहिता. दोनदा वाचलं. मी अजून अहो म्हणते, आणि तेही आधी घसा खाकरून. तुम्ही इतक्या सहज तो म्हणता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाकीसमोर तुम्ही दोघं दोन खुर्च्या टाकून बसत असाल. घरात दुसरी तशीच खुर्ची आहे, माळ्यावर. मी ती खाली काढलेली नाही, काढणारही नाही.

किती घालू तेवढं लिहा.

बाळाची आई

---

१७ मार्च

तीन दिवसांत एकच थेंब? मी दोनदा वाचलं. म्हणजे माझ्या वेळच्या तिसरा हिस्सा. मग रोज सात एमएल पुरे, दोन्ही बाटल्यांतलं सात सात. बाळाची औषधाची सिरिंज असेल, तिनेच घाला, पण ती परत बाळाला वापरू नका.

प्रवाळ वाढायचा थांबला की त्याचं खाणं कमी होतं. म्हणजे मी तिथून निघून आल्यापासून ती टाकी वाढायची थांबली आहे. वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. बरं वाटलं. दिवसभर लॅबमध्ये मला कारण नसताना हसू येत होतं. सोबतीणीने विचारलं, लॉटरी लागली का.

खुर्च्यांबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. ती दुसरी खुर्ची माझी.

---

२२ मार्च

बाई,

तुमच्या मनासारखं झालं. आज मोजलं तर दहा थेंब. दहा. हिरव्याच्या टोकांवरचा जांभळा रंग उडालाय आणि कडेला तपकिरी फांद्यांचा आहे तो बुडापासून पांढरा पडत चाललाय, हाड दिसतंय. तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं, सात सात, एक थेंब इकडेतिकडे नाही.

तुम्हाला बरं वाटलं असं तुम्हीच लिहिलंत. आता आणखी बरं वाटेल. मला कळायला हवं होतं. जी बाई घर सोडून गेली ती मागे राहिलेलं कशाला वाचवेल. मी अडाणी, तुम्ही पाण्यातलं शिकलेल्या, तुम्ही सात म्हणालात की मी सातच घालणार हे तुम्हाला माहीत होतं. हे मे महिन्यात येतील, मेलेली टाकी बघतील, आणि मग तुमची आठवण काढतील. हाच डाव आहे ना. तुम्हाला काही करावंही लागलं नाही, सगळं माझ्याच हाताने करून घेतलंत.

बाळाला तीन दिवस ताप आहे. डॉक्टर म्हणतात दाताचा आहे. मला सगळंच हातातून निसटल्यासारखं झालंय. टाकीपाशी गेलं की बाळ रडतं आणि बाळापाशी बसलं की टाकी दिसते.

---

२३ मार्च

टाकी मारायची असती तर मी पहिल्याच पत्राला उत्तर दिलं नसतं. आपोआप मेली असती.

नीट वाच आता. जी टाकी तीन दिवसांत एक थेंब उतरते ती चार दिवसांत सात थेंब उतरत नाही, आणि तेही वरून सात एमएल घातल्यावर. असं होऊच शकत नाही. पाण्याला माझा राग नाही आणि तुझाही नाही. दोनच गोष्टी असू शकतात. एकतर तुला मोजता आलं नाही, पण आज तू दहा अचूक मोजलेस, तेव्हा तसं नाही. नाहीतर त्या तीन दिवसांत तू काहीतरी घातलंस.

घातलंस ना?

ते नंतर सांग. आधी हे कर. आज दोन्हीतलं चाळीस चाळीस एमएल, सकाळ-संध्याकाळ वेगवेगळं. रोज मोज. रोज दोन थेंबांपर्यंत वर येऊ दे, त्याहून जास्त नाही. घाईने चढवलंस तर टोकं जळतात, उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवल्यासारखं होतं. वर येत नसेल तर दहा दहाने वाढव. अठराला आलं की परत उपाशी ठेवायचं, या वेळी एकच दिवस, आणि मोजायचं. खरंच उपाशी. मी तिथे येऊन बघू शकत नाही. तू जे लिहिशील तेच मला दिसतं.

तपकिरी कदाचित जाईल. त्याला हात लावू नकोस.

तापाचं अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. हे मी सांगायला नको, तुला माहीत असेल. पण लिहिलं.

---

४ एप्रिल

बाई,

हो, घातलं. बाळाच्या औषधाचं टोपण भरून, रोज दोनदोन टोपणं, दोन्ही बाटल्यांतलं. तुम्ही तीन दिवस काही घालू नका म्हणालात तेव्हा मला वाटलं, झालं, ही उपाशी मारायला सांगतेय. माझं बाळ एक वेळ तोंड फिरवतं तर माझा जीव खालीवर होतो, आणि तुम्ही तीन दिवस म्हणता. मोजायची ही रीत असते हे मला कुठे ठाऊक. मला दिसली फक्त सवत. म्हणून लपून घातलं, आणि घातलं नाही असं लिहिलं. घरात मी आणि बाळ, तरी लपून. बाटलीचं झाकण उघडताना मागे वळून बघितलं. आता हसू येतं.

तुम्ही सांगितलं तसं केलं. चाळीसने वर येईना, साठने यायला लागलं. अठराला पोचायला वेळ लागला. मग एक दिवस खरंच काही घातलं नाही. बाळाची शपथ घालणार होते, पण बाळाची शपथ टाकीसाठी नको. नुसतं खरं म्हणते. अठराचे सोळा झाले. एका दिवसात दोन थेंब.

म्हणजे तुमच्या वेळच्या दुप्पट. तुम्हाला लागावं म्हणूनच असं फोड करून लिहिते. टाकी थांबली नव्हती. आणि हिरवा आहे एवढंच मी मागे लिहिलं होतं, केवढा ते मुद्दाम सांगितलं नाही. बाळाच्या डोक्याएवढा आहे. जांभळी टोकं परत यायला लागली आहेत.

तपकिरी गेला. मला रडू आलं आणि मग राग आला की मी कशाला रडते.

ताप उतरला. दोन दात आलेत खालचे. आता चावतं.

---

९ एप्रिल

लागलं. तुला हवं होतं त्याहून जास्त.

मी गेले की ते घर थांबेल असं मला वाटायचं. कुणाशी बोलले नाही, पण तीन वर्षं मनात होतं. सतरा वाचून मला हसू फुटलं ते त्याचमुळे. आणि तिथे माझ्यावाचून सगळं दुप्पट वाढलं. परवा सोबतीणीने विचारलं, लॉटरीचे पैसे बुडाले का.

रोज चाळीस एमएल घाल, कायमचं. आठवड्यातून एकदा मोज. सोळाच्या खाली गेलं तर पाच एमएल वाढव, वीसच्या वर गेलं तर पाच कमी कर. एवढंच आहे. याहून जास्त मलाही येत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तो बोटीवर गेला की आठ आठ महिने मी आणि टाकी. तो यायचा, टाकीसमोर बसायचा, म्हणायचा, छान ठेवलीस. मला छान ठेवलीस नको होतं. एकदा मी म्हणाले, बोट सोड. तो म्हणाला, मग करू काय. मी बॅग भरली. भांडण झालं नाही, म्हणून कोणाला कारणही सांगता आलं नाही.

आता एक मागणं. तो आला की त्याला माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तर तो आभार मानायला इथे येईल, त्याला असल्या गोष्टी फार नीट करायच्या असतात. आणि तो दारात आला तर मी दार उघडेन. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून आधीच सांगते.

बाळाच्या डोक्याएवढा म्हणजे नक्की केवढा? दोन्ही ओंजळींत मावेल एवढा का? मला अंदाज नाही.

---

२१ मे

बाई,

हे आले. तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहावं लागतंय.

आल्यावर आधी बाळाला घेतलं. मी श्वास धरून बघत होते, म्हणून सांगते, आधी बाळालाच. पण बाळाला कडेवर घेऊन गेले ते टाकीपाशीच. बाळाने काचेवर हात आपटले तर दोघंही हसली. मग हे म्हणाले, हिरवा केवढा झालाय. मी म्हणाले, रोज चाळीस एमएल, आता पंचेचाळीस. माझ्याकडे वळून बघितलं. एवढा वेळ माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, सुटले.

पण येता येता हे सहज दुकानात डोकावले होते, तिथे त्यांच्या हातात दुरुस्त झालेलं यंत्र ठेवून त्या बडबड्या दुकानदाराने सगळं ओकलं होतं. पत्रं कोणी नेली, कोणाकडे नेली. जेवताना यांनी ताटाकडे बघत विचारलं, "कशी आहे ती?"

नुसतं एवढंच. पण आवाज कसा होता ते मी ऐकलं. माझ्या नावाने तसा आवाज निघत नाही. मी भांड्यात पाणी ओतत होते, ते भरून वाहायला लागलं तरी मला कळलं नाही. तुम्ही दार उघडाल असं लिहिलंय, तेच डोक्यात. बाळ मांडीवर होतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

मी म्हणाले, "बरी आहे. लग्न केलंय तिने."

ते जेवायचे थांबले. मग म्हणाले, बरं झालं, एकटी होती. आणि पुढचा घास घेतला. नंतर टाकीसमोर बसले, पण बाळाला मांडीवर घेऊन, आणि मला म्हणाले, तू पण ये की. मी गेले. जमिनीवर बसले.

तुमचं लग्न मी तुम्हाला न विचारता लावलं. तेव्हा अजिबात वाईट वाटलं नाही. आज थोडं वाटतंय. पण मी ते परत घेणार नाही. तुम्ही यांना कुठे भेटलात, किंवा कोणी विचारलं, तर सांभाळून घ्या. हे मी मागतेय. भीक म्हणा हवं तर.

डोकं एका हातात मावत नाही. दोन्ही ओंजळींत मावतं, थोडं बाहेर राहतं.

बाळाची आई

---

२५ मे

लग्न झाल्याचं कळलं. मलाच शेवटी कळलं, पण असू दे.

पहिल्यांदा वाचून मी पत्र फाडणार होते. मग विचार केला, तो आला असता, मी दार उघडलं असतं, आणि आठ महिन्यांनी परत तेच. तू माझं दार बाहेरून लावून घेतलंस. स्वतःसाठी लावलंस, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. तरी लागलं ते लागलं.

पण असं अर्धवट सोडून चालणार नाही. तो गप्प बसणारा नाही, दोन महिन्यांनी काहीतरी विचारेल. माझा नवरा कोण, काय करतो, आम्ही कुठे भेटलो, ते ठरव आणि मला कळव. दुकानदारालाही तेच सांग, तो बोलल्याशिवाय राहत नाही. तिघांचं एकच यायला हवं.

उंच असला तर बरा. कसाही चालेल. फक्त बोटीवर काम करणारा नको.